आबांची बुटकी गाडी

आबा माणसाच्या तोंडाआधी त्याच्या गाडीच्या पुढच्या चाकांकडे बघत. पाहुणा ओटीवर टेकतो न टेकतो तोच, "डावं चाक टायर खातंय हो तुमचं," हे त्याला ऐकावं लागे, पाणी त्यानंतर. आबा माझे थोरले दीर. मी लग्न होऊन वटारला आले तेव्हा हा नाद त्यांना नव्हता. तो लागला माझ्या जाऊबाईंमुळे.

आबांची एक जुनी, परदेशी बनावटीची पिकअप होती. पहाटे मोगरा, तगर, केळीची पानं भरायची आणि शेजारी जाऊबाईंना बसवून वसईचा बाजार गाठायचा. भाव त्याच करत. आबा नुसते हसत उभे. मग जाऊबाई विहिरीच्या पायऱ्यांवरून पडल्या आणि गुडघा वाकेनासा झाला. गाडी उंच. आबांनी एकदा उचलून बसवलं, तर म्हणाल्या, "भर बाजारात पोत्यासारखी उतरवणार मला? नको. मी घरीच बरी." त्या घरी राहिल्या, आणि आबा निम्मी फुलं तशीच परत आणू लागले.

एके दिवशी त्यांनी पुढच्या स्प्रिंगा कापून घेतल्या, मागचे स्प्रिंगचे पाटेही खाली बसवले. गाडी चांगली वीतभर बुटकी झाली. जाऊबाई आधी सीटवर टेकल्या, मग पाय आत घेतला. कुणाचा हात धरला नाही. आबांना आभाळ ठेंगणं झालं.

पण गाडी डावीकडे ओढू लागली. एकदा सायकलवाला आडवा आला, आबांनी ब्रेक दाबला आणि गाडी थेट भातखाचरात उतरली. कुणाला लागलं नाही. पण जाऊबाईंनी मांडीवरची फुलांची पाटी जी घट्ट धरली, ती घरी येईपर्यंत सोडली नाही.

"स्प्रिंगा परत घाला," सगळे म्हणाले.

"गाडी वर गेली की ती खाली राहते," आबा म्हणाले.

गोखिवऱ्याच्या गॅरेजात जूचंद्रचा एक मिस्त्री होता. तो वाकून म्हणाला, "आबा, गाडी खाली आनली, पन चाकं बघा, वरून आत झुकलीत. म्हनून आतली कड झिजते नि गाडी वढते." आबा त्याच्याबरोबर गाडीखाली झोपले. पुढची चाकं धरणारे दांडे गाडीच्या सांगाड्याला जोडतात तिथले पातळ पत्रे कमीजास्त करून चाकं उभी केली, मग दोरी ताणून ती सरळ रेषेत आणली. चक्कर मारायची, पुन्हा खाली झोपायचं. शेवटी सरळ रस्त्यावर आबांनी स्टिअरिंग सोडून पाहिलं. गाडी रेषेवरून जराही हलली नाही.

जाऊबाईंचा विश्वास नव्हता. "आधी रिकामी चालवून दाखवा," म्हणाल्या. आबा घरासमोरून येरझारा घालत राहिले. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "पुरे आता. फुलं कोमेजतील."

पुढे काही वर्षांनी जाऊबाई साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. खड्ड्यांत गाडीचं पोट घासायचं. आता तरी उंच करा, म्हणून लोक सांगत. आबा "असू दे" म्हणत आणि हळू चालवत.

आमची बदली झाली तेव्हा आबांनीच स्टेशनावर सोडलं. हे सामानाबरोबर मागे, मी पुढे. वाटभर आबा खड्डे चुकवत राहिले. उतरल्यावर म्हणाले, "पोचल्याचं पत्र टाक. आणि मागे बघत बसू नकोस, गाडी चुकेल."

मी बघितलंच, आणि आबांचं तेच शेवटचं दर्शन. घाईत माझ्या बाजूचं दार उघडं राहिलं होतं. ते लावायला आबा वळसा घालून आले होते, आणि दारावर हात ठेवून रिकाम्या सीटकडे बघत तसेच उभे होते.