चौथ्या ताटलीतलं मिरं

माझ्यामुळे एका दुपारी तलवाड्यातल्या अकरा बायकांना एकदमच लकवा मारला. (निदान त्यांना तसं वाटलं, आणि मी वाटू दिलं.)

ते दुष्काळाचं वर्ष होतं. रानात काम नव्हतं, म्हणून बायकांनी मिळून मसाल्याची सहकारी संस्था काढली. माझी बायको सुनंदा अध्यक्ष, माझी थोरली बहीण अक्का उपाध्यक्ष. गोदामाची किल्ली अक्काच्या कमरेला. मी शाळामास्तर, अक्षर बरं, म्हणून सभेचं इतिवृत्त लिहायला मला बसवायचे.

पहिलीच मोठी ऑर्डर आली होती सामुदायिक विवाहाची. पोतंभर येसूर, म्हणजे आमटीत घालायचा भाजका मसाला. गेवराईहून आलेला माणूस बाहेर लिंबाखाली मोटारसायकलवर बसून होता. होकार घेऊन जाणार, नाहीतर ऑर्डर तिकडच्याच व्यापाऱ्याला देणार. आणि आत ठरत नव्हतं एवढंच, की येसुरात मिरं कुठलं घालायचं.

तीन ताटल्या मांडल्या होत्या. टँकर तीन दिवस फिरकला नव्हता, त्यामुळे दोन मिऱ्यांच्या मधे प्रत्येकीला एकच घोट पाणी.

पहिल्या ताटलीत मोठं, जड, काळं मिरं. सुनंदानं दाणा फोडला, डोळे मिटले. "हे आधी गप ऱ्हातं, घशात गेल्यावर बोलतं. अन् वास बघा किती येळ ऱ्हातोय."

दुसऱ्या ताटलीत बारीक आणि हलकं. जिभेच्या शेंड्याला विंचू डसावा तसं, पण वासाच्या नावानं शून्य. अक्का त्यावर खूश. "तिखट म्हंजी तिखट. जाळ व्हायला पायजे. वासाला लग्नात अत्तर असतंय की."

तिसऱ्यात पांढरं मिरं. शेवंतामावशीनं नाकाशी नेलं आणि ताटली लांब सारली. "ह्याला चारा छावणीचा वास येतोय गं." (तिची म्हैस दोन महिने छावणीत होती, तेव्हा हे मत जाणकाराचं.)

पांढरं बाद झालं. उरलेल्या दोन्हींत सुनंदा धरून पाचजणी एकीकडे, अक्का धरून पाचजणी दुसरीकडे, आणि शेवंतामावशी जी बोलत असेल तिच्याकडे. बोलत अक्काच होती. तासभर. बाहेरच्या माणसानं दोनदा मोटारसायकलला किक मारून पाहिली.

आता खरं सांगतो. माझ्या खिशात एक पुडी होती. आमच्या शाळेत कोकणातून आलेल्या एका मास्तरांनी दिलेली तिरफळं. दिसायला मिऱ्यासारखीच, फक्त तोंड उघडलेलं. "माशाच्या कालवणात घालायची, चावायची नाहीत," असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून मी आदल्या दिवशी एक चावलं. तोंडात मुंग्यांचं वारूळ फुटलं, आणि जीभ आपली की शेजाऱ्याची ते कळेना.

ती पुडी मी सभेला नेली होती. कावून? अक्कासाठीच.

"अक्का, हे कोकणातलं मिरं. तुझ्यासाठी आणलंय, बघ."

"माझ्या एकटीसाठी कावून? आमी काय येगळ्या हाव का?" म्हणत अक्कानं पुडी चौथ्या ताटलीत ओतली आणि प्रत्येकीच्या हातावर दोन-दोन दाणे ठेवले. सुनंदाच्याही. (आमच्या अक्कानं जन्मात एकटीनं काही खाल्लेलं नाही, हे मी विसरलो होतो.)

अकराही जणी चावू लागल्या. मग शेवंतामावशीनं स्वतःची जीभ बोटानं चाचपली. "माधी दीभ तुथं गेली?"

अक्का उठली आणि मटकन बसली. "लतवा," ती म्हणाली. "ह्यो लतवा हाय गं."

अकराजणींनी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला सुरुवात केली. चूळ भरायला पाणी नव्हतं. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. कारण अक्कानं कमरेची किल्ली सोडून सुनंदाच्या हातात दिली होती.

"तुनंदा, थांभाळ. तुदं थरं हाय. मोथं मिरं घे."

आणि तिनं हात वर केला. थोरलीनं केला म्हणून सगळ्यांनी केला. सुनंदानंही दुसरा हात छातीवर ठेवून केला. मी लिहिलं, "मोठे मिरे घेण्याचा ठराव एकमताने मंजूर. विरोधात कोणीही बोलू शकले नाही." मग 'बोलू शकले' खोडून 'बोलले' केलं, आणि बाहेर जाऊन होकार देऊन आलो.

अर्ध्या तासानं जिभा परत आल्या. अक्काचा हात कमरेकडे गेला. सुनंदानं किल्ली पुढं केली.

"ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाली. "दिली ती दिली."

"पण झालं काय हो हे?" सुनंदानं मला विचारलं.

"मला तरी काय ठाऊक," मी म्हणालो.

लग्नात आमटी इतकी जमली की वऱ्हाडी वाट्या चाटत होते. संस्था तगली. मोठं मिरं आपणच निवडलं, असं अक्का आजही गावभर सांगते. पण कितीतरी दिवस बसता-उठता तिचा हात कमरेला जायचा, रिकामा परत यायचा, आणि मी दुसरीकडे बघायचो.

गेल्या महिन्यात ती ओसरीवर मिरं निवडत असताना मी शेजारी बसलो आणि सगळं सांगून टाकलं.

तिनं मान वर केली नाही. "ठाऊक हाय. तुझा कोकणी मास्तर त्याच हप्त्यात इचारायला आलता, तिरफळं घालून कालवण कसं झालं म्हणून."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"म्हटलं, बघू तू कधी बोलतोस ते."

आत सुनंदा हसली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

त्या दिवशी अकरा बायकांच्या जिभा अर्ध्या तासात सुटल्या. माझी सुटायला अठरा वर्षं लागली. आणि मी तर सभेत एक दाणासुद्धा तोंडात टाकला नव्हता.