आई त्या पिक्चरमध्ये होती

अक्षर वाईट आहे, शुद्धलेखनही चुकेल, सांभाळून घ्या. मी चौथीपर्यंतच शिकले, आणि किराण्याच्या यादीपलीकडे कधी काही लिहिलं नाही. दिनूमामा गेले त्याला दीड महिना झाला. पुरवणीत त्यांच्यावर फोटोसकट लेख आला. काय कापायचं हे त्यांच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं, असं त्यात छापलंय. ते वाचलं आणि राहवलं नाही...

मामा मुंबईला स्टुडिओत संकलक होते. हातात पांढरे मोजे, गळ्यात दोरीला बांधलेली कात्री. नाशिकला आले की जेवतानाही बोलणाऱ्याला मध्येच तोडायचे, "हे नको, पुढचं सांग." दुसऱ्यांचे पिक्चर जोडून नाव झालं, मग स्वतःचा काढायचं मनात आलं. पैसे कमी पडले तेव्हा त्यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे माझ्या आईने, हातातल्या पाटल्या उतरवून दिल्या. वडिलांना विचारलंही नाही. मामा म्हणाले, "ताई, तुला पडद्यावर आणतो, बघच तू."

नाशिकलाच गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, शूटिंग होतं. धुणं धुणाऱ्या बायकांत आईला बसवलं. मी पायरीवर उभी होते. कॅमेरा चालू असताना मामांनीच सवयीने हाक मारली, "ताई, ऊन लागतंय का गं?" आईने मान वर केली आणि हसली. "लागू दे," म्हणाली.

पिक्चर लागला तेव्हा आई गल्लीतल्या सगळ्या बायकांना घेऊन गेली. घाट आला, धुणं आलं, बायका आल्या... आई नव्हती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय वहिनी, साबण आणायला गेल्या होत्या का?" सगळ्या हसल्या. आईही हसली. "होते की. तुमचंच लक्ष नव्हतं." मरेपर्यंत ती हेच सांगत राहिली.

पिक्चर खूप चालला. मामांनी आणखी काढले, मुंबईत फ्लॅट घेतला, सत्कार झाले. पाटल्यांचं नाव कोणी काढलं नाही. आईने काढूच दिलं नाही.

ती गेल्यावर मी एकदाच धीर केला. मामा तेव्हा म्हातारपणी नाशिकला येऊन राहिले होते. म्हटलं, "मामा, आईचा तो तुकडा कुठे असेल का? आमच्याकडे तिचा हसतानाचा एक फोटो नाही."

"तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं. गोष्ट तुटत होती."

"हाक तुम्हीच मारली होती."

मामा म्हणाले, "कापलेली फीत किलोवर जायची. भंगारवाला न्यायचा. धुऊन फितीवरची चांदी काढायचे आणि उरलेल्याच्या बांगड्या करायचे." आणि चहा मागितला. मी करून दिला.

परवा मामेभाऊ आला होता. मामांची कात्री कुठल्याशा प्रदर्शनात ठेवणार आहेत, म्हणाला. मग खिशातून चेक काढला. "ताई, आत्याच्या पाटल्यांचे. आजच्या भावाने धरलेत. बाबा जाताना बजावून गेले, 'माझ्या ताईचं काही ठेवू नका.'"

मी चष्मा लावून बघितला. पैसे पूर्ण आहेत.