वाशीमवाली पोरगी

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या सत्रात आम्हाला सहा महिने एखाद्या कंपनीत काढायचे असतात. मी अमरावतीला इलेक्ट्रिकलला होते. सौर पंप बनवणाऱ्या पुण्याकडच्या एका मोठ्या कंपनीनं आमच्या कॉलेजातून दोघींना घेतलं, तेव्हा मी घरी फोन करून आईला सांगितलं. ती वाशीमच्या बाजारात सांभाराच्या जुड्या बांधत होती. "बरं झालं," म्हणाली, "गिऱ्हाईक हाय, ठेवतो." सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. गावाबाहेर आमची दोन एकर बागायत आहे आणि आईचं सगळं आयुष्य तिथं आणि बाजारात गेलं आहे. फोनवर काय बोलायचं असतं हे तिला कधी कळलंच नाही.

मला वाटलं होतं, आपण पंपाचं डिझाइन करू. माझ्याबरोबरच्या मुलीला ते मिळालंही. माझ्या कागदावर वाशीम जिल्हा पाहून समोरच्या मॅडमनी विचारलं, "वऱ्हाडी येतं?" मी हो म्हणाले आणि माझी रवानगी ग्राहक सेवेत झाली. म्हणजे एक लांबलचक हॉल, डोक्याला अडकवलेला हेडफोन, समोर स्क्रीन आणि दिवसभर शेतकऱ्यांच्या तक्रारी. वऱ्हाडातून फोन फार येत आणि हॉलमधल्या मुलींना ती बोली अर्धीच कळे, म्हणून मी. पहिले काही आठवडे मी दुपारच्या सुट्टीत जेवायलाही त्यांच्यात बसले नाही. चार वर्षं शिकून फोन उचलायचे, याचा राग होता.

हॉलमध्ये बोलायची भाषा ठरलेली होती. सुरुवातीचं वाक्य सगळ्यांचं एकच: "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" मी ते आरशासमोर म्हणून बघितलं होतं. आमच्याकडे बायकाही "मी करतो, मी जातो" म्हणतात. वसतिगृहात त्यावरून इतकं हसं झालं होतं, की 'करते' हा शब्द मी जिभेला हट्टानं शिकवला होता.

जानेवारीतच कधीतरी दुपारी तिचा फोन आला. स्क्रीनवर नाव, गाव, नंबर सगळं उमटलं. गाव पोहरादेवीजवळचं, छोटी वस्ती. जोडणी नवऱ्याच्या नावावर होती, आवाज बाईचा.

"हालो. त्या डब्यावर काहीतं लिहून येते बाई, आन पंप बंद पडते."

"डब्यावर कोणती अक्षरं दिसत आहेत ताई?"

"ते इंग्रजी हाय. मी काय सांगू."

"अक्षरांचा आकार कसा आहे, तेवढं सांगता का? पहिल्यापासून."

ती डब्याजवळ जाऊन बघत असावी. मागं कुठं तरी होला घुमत होता.

"पयलं पोटुशी बाईवानी हाय," ती म्हणाली. "मंधातलं बी पोटाळंच, पन पाय पुढं टाकून चालल्यावानी. आन शेवटी बेचकं हाय. लाकडाचं असते ना, तसं."

मी कागदावर काढत गेले. डी, आर, वाय. ड्राय. विहिरीतलं पाणी खाली गेलं, की मोटार जळू नये म्हणून तो डबा आपणहून पंप थांबवतो आणि ही तीन अक्षरं दाखवतो. मला इतका आनंद झाला, की ठरलेली भाषा विसरून गेले.

"मावशी, पंप चांगला हाय. विहिरीत पाणी खाली गेलं असन. दोन घंटे दम धरा, पाणी भरू द्या, मंग चालू करा."

तिनं लगेच विचारलं, "तू कोठची व?"

"वाशीमची."

"मंग मघापासून पुण्यावानी काऊन बोलून राह्यली होती?"

मी हसले. तीही हसली. तो फोन मी ठेवला तेव्हा शेजारची मुलगी माझ्याकडे बघत होती.

त्यानंतर ती दर आठवड्याला फोन करू लागली. फोन कुणाकडेही लागायचा, पण ती थेट विचारायची, "ते वाशीमवाली पोरगी हाय का?" हॉलमधून कुणीतरी ओरडायचं, "तुझी मावशी," आणि फोन माझ्याकडे वळवायचं. "पोरी, बेचकं आलं," एवढंच ती म्हणायची आणि मला सगळं कळायचं. मी थांबायला सांगायची. ती म्हणायची, बरं, थांबतो. आणि मग थांबायचंच आहे तर म्हणून बोलत राहायची.

तिचा नवरा आणि थोरला मुलगा ऊसतोडीला गेले होते, कोल्हापूरकडं. दरवर्षी तीही जायची. यंदा सौर पंप बसला म्हणून पहिल्यांदाच ती मागं राहिली होती. विहिरीच्या भोवती तिनं वांगी, मेथी, सांभार लावला होता आणि मंगरूळपीरच्या बाजाराला माल नेत होती. हिवाळ्यात आपल्या घरात राहणं हेच तिला नवं होतं. "इतकी थंडी असते आमच्या गावात, मले मालूमच नव्हतं," ती एकदा म्हणाली. "लगन झाल्यापासून हिवाळ्यात मी अथी नसतोच."

मी तिला आमच्या मळ्याबद्दल सांगायची. आई कशी पहाटे मेथी खुडते, कशी ओल्या गोणपाटात गुंडाळते. ती विचारायची, तुमच्याकडं वांग्यावर काय मारता, सांभार कोणत्या महिन्यात टाकता. मला उत्तरं येत नसली, की मी संध्याकाळी आईला फोन करून विचारायची. आई म्हणायची, "तुले काऊन पायजे ते?" आणि सांगून टाकायची. त्या निमित्तानं आई माझ्याशी इतर वेळेपेक्षा दोन वाक्यं जास्त बोलायची.

खोलीवर आम्ही चौघी होतो. बाकीच्या तिघी सिनेमाला जायच्या, मॉलमध्ये जायच्या. मीही जायची. पण दिवसाचा चांगला भाग माझ्यासाठी कानातला तो आवाज होता. त्याच्या मागं बकरी ओरडायची, कुणी तरी "ओ माय" म्हणून हाक मारायचं, कधी वाऱ्यानं फोनमध्ये सूं सूं व्हायचं आणि ती "थांब, पदर धरतो" म्हणायची. मी डोळे मिटले, की त्या शेताच्या बांधावर असायची.

फेब्रुवारीच्या शेवटी हॉलच्या प्रमुख मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. सगळे फोन रेकॉर्ड होतात हे आम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. त्यांनी एक रेकॉर्डिंग लावलं. मावशी सांगत होती, की बाजारात एका बाईनं तिच्या मेथीला जुनी म्हटलं आणि तिनं त्या बाईला काय उत्तर दिलं. आणि मी खदखदून हसत होते. माझा तो आवाज मला ओळखू येईना. कितीतरी दिवसांत मी तसं हसले नव्हते.

"बेचकं म्हणजे काय?" मॅडमनी विचारलं. त्या मूळच्या कोकणातल्या.

मी सांगितलं. पोटुशी बाई, पाय टाकून चाललेली आणि बेचकं. त्या हसू दाबत होत्या, ते शेवटी दाबलं गेलं नाही.

"आणि तू तिच्याशी बोलताना 'मी सांगतो' म्हणतेस?"

"आमच्याकडे तसंच म्हणतात, मॅडम."

"सुरुवातीचं वाक्य ठरलेलंच म्हण," त्या म्हणाल्या. "पुढं तुला हवं तसं बोल. आणि बाकीची जी अक्षरं डब्यावर येतात, त्यांचेही असे आकार फळ्यावर काढून दाखव सगळ्यांना."

त्या दुपारी मी फळ्यावर अक्षरं काढली आणि हॉलमधल्या मुली एकेकाला नाव देत गेल्या. एफला कुणी दात पडलेलं दाताळं म्हणालं, 'ओ'ला कुणी विहीर. मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्यात बसून जेवले. दुसऱ्या दिवशी मावशीला सांगितलं, तुमचं बेचकं इथं सगळ्यांना पाठ झालं. ती म्हणाली, "मंग मले पगार दे म्हनाव कंपनीले."

एकदा तिनं पंपाचं काही सांगितलंच नाही. मी विचारलं, "काय आलं डब्यावर?"

"काही नाही. पंप बरा हाय. तूच बोल."

मी म्हणाले, इथं उकडायला लागलं. ती म्हणाली, अथी पळस फुलला. मग म्हणाली, "पोहरादेवीच्या यात्रेले येशीन तं घरी येजो. पिठलं-भाकर घालतो तुले." मी येतो म्हणाले.

मार्चमध्ये तिचे फोन वाढले. आठवड्याला एक होता, तो दोन झाला, मग एक दिवसाआड. मला बरं वाटायचं. सकाळी हेडफोन घालताना मी तिचीच वाट बघायची. दोन घंटे थांबा, मी सांगायची. मग चार घंटे थांबा. मग, आता उद्या सकाळीच चालू करा. ती एकदा म्हणाली, "वांगी सोडली पोरी. सांभारालेच देतो आता पानी." मी म्हणाले, बरं केलं. आणि पुन्हा गप्पा सुरू झाल्या.

एप्रिलमध्ये फोन थांबला. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, लग्नसराई असेल. मग वाटलं, नवरा परत आला असेल, आता तो बघत असेल. यात्राही होऊन गेली. मला सुट्टी मिळाली नव्हती. मे गेला. हॉलमध्ये कुणी "वाशीम" म्हटलं तरी माझी मान वर व्हायची. शेवटी एका दुपारी, फोन येत नव्हते तेव्हा, मी तिच्या जोडणीवरची जुनी नोंद उघडून बघत बसले आणि मला ते एकदम दिसलं. तिचा फोन विहिरीतलं पाणी आटलं की येत होता. फोन वाढले, कारण पाणी चाललं होतं. आणि थांबले, कारण आता चालू करायला काही उरलं नव्हतं. मी इंजिनीअरिंगची विद्यार्थिनी, ड्राय म्हणजे काय ते मलाच माहीत होतं. पण मी तो शब्द फोनची घंटी म्हणून ऐकत होते.

ग्राहकाचा नंबर जवळ ठेवायचा नाही असा नियम होता. मी तो लिहून घेतला नाही. जूनमध्ये माझे सहा महिने संपले. मॅडमनी चांगलं पत्र दिलं, हॉलमधल्या मुलींनी केक आणला. पुढं मला त्याच कंपनीत चाचणी विभागात नोकरी लागली. फोनऐवजी पंपांवर काम करायचं होतं, तिथं पोचले. चांगलं काम आहे. पंप चालवून बघायचे, आकडे टिपायचे. तिथं कुणाचा आवाज येत नाही.

पुढच्या वर्षी यात्रेच्या दिवसांत मी रजा काढून वाशीमला गेले आणि आईला म्हणाले, पोहरादेवीला चल. मंगरूळपीरपर्यंत बस, पुढं मानोरा, तिथून गर्दीनं भरलेली काळीपिवळी जीप. दर्शन झाल्यावर मी आईला त्या मावशीबद्दल सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "म्हून विचारत होती का व तू, सांभार कधी टाकता?"

ऑटो करून आम्ही त्या वस्तीवर गेलो. जोडणीवरच्या नवऱ्याच्या नावावरून घर सापडलं. दाराला कुलूप होतं. शेजारची म्हातारी बाहेर आली.

"मागल्या साली नवरा पोरासंगं गेला होता," ती म्हणाली. "यंदा विहिरीत काही राह्यलं नाही, तं तेही गेली. अजून आले नाही कोनी. तुमी कोन?"

मी कंपनीतली, म्हणाले. तिला वाटलं पंप बघायला आले. तिनं बोट दाखवलं. घरामागच्या उतारावर विहीर होती आणि बाजूला सौर पॅनल उभं होतं, उन्हाकडं तोंड करून. वाफे अजून ओळखू येत होते. आई त्यांच्यामधून चालत गेली आणि वाकून माती हातात घेऊन बघू लागली, जशी ती कुठल्याही शेतात बघते. मी एका कागदावर माझा नंबर लिहून म्हातारीला दिला. "ते आली का देजा. म्हनाव, वाशीमवाली आली होती."

परतीच्या बसमध्ये आई म्हणाली, "माती चांगली हाय तिची."

त्या उन्हाळ्यात फोन आला नाही. पावसाळा गेला. दिवाळीनंतर डिसेंबरात एका सकाळी मी चाचणीच्या खोलीत होते. तिथं फोन बाहेरच्या कप्प्यात ठेवावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आले तर एका अनोळखी नंबरचे दोन मिस्ड कॉल. मी लगेच लावला. पुरुषानं उचलला, मागं ट्रॅक्टर चालू होता.

"हां, सकाळी एका बाईनं लावला होता," तो म्हणाला. "तोडणीवाली. कागद होता तिच्याकडं, घडी पडलेला. तिचा बंद पडलाय म्हणाली, माझा फोन मागितला. तुम्ही उचलला नाही."

"त्या आहेत का तिथं?"

"टोळी गेली ओ. पुढच्या गावाला उसाचा फड लागलाय त्यांचा. मी इथला शेतकरी."

मी विचारलं, कोणत्या गावाला. त्याला नक्की माहीत नव्हतं. मग त्यानं विचारलं, "तुम्ही तिच्या कोण?"

मी म्हणाले, ओळखीची आहे.

"परत आली तर सांगतो," तो म्हणाला. "काय सांगू?"

मी म्हणाले, सांगा, दुपारी एक ते दोन माझा फोन माझ्याजवळ असतो.