एकविसाव्या पानावरची टिंबं

बायको गेल्यावर मी वाचनालयात जायला लागलो, ते वाचायला नव्हे. घरात बसवत नव्हतं म्हणून. मी चौथी शिकलेला. साखर कारखान्यात बॉयलरवर जन्म गेला. पेपर वाचतो, तो पण ओळीवर बोट फिरवत. पुस्तकाच्या वाटेला कधी गेलो नाही. वाचायची ती. दर बुधवारी दुपारची भांडी उरकून पिशवी घेऊन निघायची. मी म्हणायचो, "निघाली मास्तरीण! काय मिळतं गं तिथं एवढं?"

"तुमचा आवाज मिळत न्हाय, हेच लई हाय," ती म्हणायची.

बोलणं तिथंच संपायचं. चाळीस वर्षं तिथंच संपलं.

आमच्या गावचं वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत पेपर, मागच्या खोलीत पुस्तकांची चार लोखंडी कपाटं. पंखा एकच, तो पेपरवाल्यांच्या डोक्यावर. सकाळी आम्ही म्हातारे, दुपारी भरतीच्या परीक्षेची पोरं-पोरी, चारला बायका. दिवसकार्य झाल्यावर लोक घरी येऊन सांगत होते, सोसलं पाहिजे, तिचं सोनं झालं, सवाष्ण गेली. इथं तसलं काही नाही. शेजारचा माणूस पेपरचं आतलं पान काढून माझ्याकडं सरकवतो आणि परत आपल्या पानात तोंड घालतो. मला तेवढंच सोसत होतं.

उन्हाळ्यात वाचनालयाची तपासणी लागली. कोल्हापूरहून साहेब येणार होते. ग्रंथपाल बाई माझ्या लेकीच्या वयाची. तिनं माझ्या हातात खोडरबर दिला.

"काका, रोज बसताच की हितं. एवढं काम करा. लोकांनी पुस्तकात पेन्सिलीनं कायबाय करून ठेवलंय, ते खोडून काढा. पेनाचं ऱ्हाऊ दे."

काम अंगावर घेतलं की मी ते पुरतं करतो. तीन दिवस बसून दोन कपाटं साफ केली. लोक काय काय लिहितात! कुणी फूल काढलेलं, कुणी हिशेब मांडलेला. एका पुस्तकात पहिल्याच पानावर, 'खून दिवाणजीनं केलाय' असं लिहून ठेवलेलं. पण सगळ्यात जास्त दिसायची ती टिंबं. एकविसाव्या पानावर, आकड्याच्या खाली तीन टिंबं, चुलीच्या तीन दगडांसारखी. कुठं कुठं मधे चौथं. पुस्तकामागून पुस्तकात तेच. मी खोडत होतो आणि शिव्या घालत होतो.

"ह्याच्या हाताला काय खाज सुटलीती का?" असं मोठ्यानं म्हणालोसुद्धा. सगळे हसले.

तिसऱ्या दिवशी चारला मागच्या गल्लीतल्या वयनी आल्या. बायकोची मैत्रीण. तिला अक्का म्हणायच्या, म्हणून मी दाजी. त्यांनी कपाटातनं एक पुस्तक काढलं, उघडलं, ठेवलं. दुसरं काढलं, ठेवलं. तिसरं. मग माझ्याकडं वळल्या.

"दाजी, हितली टिंबं कुणी खोडली?"

"मी. का?"

त्या खुर्ची ओढून बसल्या.

"अक्काची हुती ती."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. वय झालं की वाचलेलं ध्यानात राहत नाही, तेच पुस्तक दोनदा घरी येतं. म्हणून बायका खूण करतात. ज्याचं त्याचं पान, ज्याची त्याची खूण.

"मी चौदाव्या पानावर तुळशीचं पान काढतो. अक्का एकवीसला तीन टिंबं द्यायची. लई आवडलं तर मधे चौथं. आम्ही चारपाचजणी तिची टिंबं बघूनच पुस्तक न्यायचो, दाजी. अक्का गेल्यावरबी तसंच नेत हुतो."

मी हातातला खोडरबर बघत बसलो. टेबलावर त्याचा काळा भुगा पडलेला. तिचं लुगडं, चष्मा, औषधाची डबी, सगळं मी जपून ठेवलंय. आणि हे मी स्वतःच्या हातानं पुसलं, वर शिव्या घालून. चाळीस वर्षं ती इथं येऊन काय करते, हे मला माहीत असतं तर हात तिथं गेलाच नसता. वयनी टाकून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी बाईला सांगितलं, "उरलेल्या दोन कपाटांना मी हात लावणार न्हाय. कुणाला लावूबी देणार न्हाय."

"काका, सायेब काय म्हणतील?"

"काय म्हणतील ते मला म्हणू देत की. मी बसतो कपाटाम्होरं."

आणि बसलो. साहेब आले, रजिस्टरं बघितली, चहा प्याले, गेले. एकाही पुस्तकाला हात लावला नाही.

खोडलेली टिंबं परत देता येतात का, म्हणून मी पेन्सिल घेऊन बसलेलो एकदा. कुठं तीन होती, कुठं चार, कुठं नव्हतीच, काही आठवेना. आणि मी दिलेली टिंबं माझी झाली असती. वयनींनी काय समजून पुस्तक न्यायचं? पेन्सिल ठेवून दिली.

आता माझ्या नावानं खातं आहे. तिसऱ्या कपाटातलं एक पुस्तक घरी आणलंय, चार टिंबांचं. दिवसाला एक पान होतं, डोळे साथ देतील तेव्हा दोन. एक बाई आहे, तिचा भाऊ आहे, दोघांचं एका विहिरीवरनं भांडण आहे. अजून विहिरीचंच चाललंय.

परवा वयनींनी विचारलं, "कसं वाटतंय, दाजी?"

"कळंना अजून," म्हणालो.

ह्यात तिला एवढं काय आवडलं असेल, ते मी ओळी-ओळीतनं शोधत बसलोय. तोंडानं विचारलं असतं, तर भांडी घासता घासता सांगितलं असतं तिनं.