डोंबिवलीच्या घरासाठी आठ रात्री तंबूत

तुमच्या आईला भर कामात फोन आला की आजी हॉलंडमध्ये हरवली, आणि ती रडली, असं कळलं. तुम्ही दोघंही घाबरलात म्हणे. म्हणून हे नीट लिहून ठेवते. मी हरवले नव्हते. मी आयुष्यात कधी हरवलेले नाही. सायंकाळचे सात वाजले होते, ऊन होतं, आणि मी तंबूसमोर बसून टोमॅटो चिरत होते.

पैसे देऊन बेघर होण्याला तिकडे कॅम्पिंग म्हणतात. ओल्या गवतावर निजायचं, आणि सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून परक्या माणसांमागे आंघोळीच्या रांगेत उभं राहायचं. कोपरीच्या चाळीत आम्ही लहानपणी डबा घेऊन रांगेत उभ्या राहत होतो. त्यातून आम्हाला बाहेर काढायला आमचे वडील जन्मभर राबले. आणि अडुसष्टाव्या वर्षी मी विमानाने जाऊन पुन्हा रांग लावली! आजूबाजूचे लोक घराएवढ्या मोटारीत टीव्ही लावून बसलेले. पायरीवर फुलांची कुंडी. त्याला ते निसर्ग म्हणतात.

हे सगळं माझ्या मैत्रिणीच्या घरासाठी. त्या चाळीत ती आमच्या शेजारी राहायची. मी कॉन्व्हेंटमध्ये, ती नगरपालिकेच्या शाळेत. पुढे ती डोंबिवलीत प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. तिथेच दुसऱ्या मजल्यावर तिचं दोन खोल्यांचं घर आहे, स्वतःच्या पगारातून घेतलेलं. लिफ्ट नाही. यजमान गेल्यापासून ती एकटीच राहते.

तिचा मुलगा घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर राहतो. त्याच्या खिडकीतून खाडी दिसते आणि तो तिच्याकडे पाठ करून बसतो. आईने घर विकून आपल्याकडे यावं, असा त्याचा धोशा होता. एकदा माझ्यासमोरच विषय निघाला.

"आई, जिना चढताना तुला धाप लागते. उद्या पडलीस तर मीटिंग सोडून मी धावत येऊ का?"

"धाप कसली? मी सायकल चालवते."

"कुठे? स्वप्नात?"

"अरे, हिच्या भाचीने हॉलंडला बोलावलंय. सायकली देते, तंबू देते."

तो इतका हसला की त्याच्या कपातला चहा बशीत आला. "ठीक आहे. आठ रात्री तंबूत काढून दाखव. हॉटेल नाही, कुणाच्या घरी नाही. आणि तुझ्यापायी मला एक फोन आला नाही पाहिजे. मग घराचा विषय बंद. आला, तर विकायचं. मावशी साक्षीदार. ती खोटं बोलत नाही."

ते मात्र खरं आहे.

सराव आम्ही वर्तकनगरला, आमच्या कॉलनीच्या रस्त्यावर केला. डोंबिवलीत सायकल चालवायला आधी रस्ता लागतो. पहाटे येऊरच्या डोंगराकडे निघालेली ती रंगीत, घट्ट कपड्यांतली मंडळी आमच्याजवळून जाताना "ग्रेट, आंटी!" असं ओरडत. एवढ्या महागड्या सायकली घेऊन ही माणसं शेवटी वडापाव खायलाच जातात.

मी सामानाची यादी केली होती, वजनासकट. मैत्रिणीने ती वाचली, मान डोलावली, आणि बॅगेत तीन लिटरचा प्रेशर कुकर भरला. चार दिवस तो तिच्या सायकलच्या मागे खडखडत होता. प्रत्येक पुलाच्या चढावर ती उतरून सायकल ढकलायची. गुडघा सुजला. चौथा मुक्काम एका शेतावर होता. मालकीण आमच्याच वयाची बाई, रबरी बूट घालून गाईंत वावरणारी. सकाळी निघताना मी सांगितलं, "आता हा कुकर तरी राहील किंवा मी तरी. गुडघा गेला तर तुझं घर गेलं."

"असा कसा टाकू गं? आहेरातला आहे."

"मग त्या बाईला देऊन टाक."

मी शौचालयाकडे गेले होते, तेवढ्यात तिने तो दिला. परत आले तेव्हा ती सायकलवर बसून हात हलवत होती. मला वाटलं, चला, एक काम झालं.

दोन तासांनी वाटेत मी सहज विचारलं, "तिला काय म्हणालीस?"

"म्हटलं, यू कीप. वी कम."

"वी कम? म्हणजे?"

"म्हणजे येतो! निघताना जातो म्हणतात का कुठे?"

मी तिला इंग्रजीवर एक व्याख्यान दिलं. चाळीस वर्षं मुलांना शिकवलेल्या बाईने घरातून निघण्याचा निरोप असा शब्दाला शब्द ठेवून परदेशात फेकावा, याची मला लाज वाटली. पण ती बाई समजून घेईल, असं म्हणून मी विषय सोडला. तेवढी चूक माझी.

ती समजली, पण तिच्या पद्धतीने. पाहुण्यांनी भांडं सांभाळायला दिलं आहे आणि येतो म्हणाल्या आहेत, म्हणजे फिरून परत येणार. पाच वाजेपर्यंत तिने वाट पाहिली. सूप केलं होतं म्हणे. कालव्याच्या कडेने दोन म्हाताऱ्या सायकलवर गेल्या आणि आल्या नाहीत, म्हटल्यावर त्या पाण्यात पडल्या असाव्यात, असं तिला वाटलं. तिने आम्ही मुक्कामाला आल्यावर भरलेला फॉर्म काढला. संकटकाळी कुणाला कळवावं, या रकान्यात मी सुवाच्य अक्षरांत मैत्रिणीच्या मुलाचा नंबर लिहिला होता, देशाच्या कोडसकट. रकाना रिकामा ठेवणं मला जमत नाही. तिने त्यालाच फोन लावला. माझा फोन बॅटरी वाचवण्यासाठी बंद होता.

मुलाने कुणाकुणाला फोन केले ते तुम्हाला माहीत आहे. इकडे मालकिणीने कालव्याकाठच्या एकेका कॅम्पला विचारत आम्हाला शोधून काढलं. माझे टोमॅटो चिरून होतात तोच तिची गाडी येऊन थांबली. ती उतरली, कुकर छातीशी धरलेला, आणि माझ्या मैत्रिणीला मिठी मारून रडायला लागली. मैत्रीण म्हणाली, "अगं, हिला झालं काय?"

मी फोन चालू केला, तोच वाजला. मुलगाच.

"मावशी, दोघी ठीक आहात ना? आईला दे." मग तिला म्हणाला, "संपलं, आई. फोन आला. उद्या मावशीच्या भाचीकडे जा आणि परत ये."

कुकर परत देऊन मालकीण गेल्यावर मैत्रीण तंबूचे खुंटे उपटायला लागली. वर्गात एवढ्या पोरांना धाकात ठेवणारी ही बाई, मुलाच्या एका फोनवर खुंटे उपटते! मला तिची किळस आली, खोटं कशाला लिहू?

"काय करतेस?"

"ठरलं होतं ना गं तसं."

"घर कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या."

"हप्ते कुणी फेडले?"

"मीच की."

"मग ठरवणारा तो कोण?"

तिने हातातला खुंटा पुन्हा जमिनीत ठोकला, कुकरने. उरलेल्या रात्री आम्ही तंबूतच काढल्या. गुडघा बांधून, पुलांवर चालत.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मुलगा डोंबिवलीला एजंटला घेऊन आला. मलाही बोलावलं होतं, साक्षीला.

"मावशी, तू सांग. मला फोन आला की नाही?"

"आला," मी म्हटलं. "तुझी आई पैज हरली."

"बघ, आई."

"हरले," मैत्रीण म्हणाली. ती ओट्यापाशी चहा गाळत होती. "घर विकणार नाही."

"मग पैज कशाला लावलीस?"

"तू लावलीस. मी हॉलंड बघून आले."

तो माझ्याकडे बघायला लागला, जणू इंग्रजी शिकलेल्या बाईकडे याला काही उत्तर असेल. मी चहाचे कप वाटले. एजंटने खोल्यांवरून नजर फिरवली, मोजमापाची टेप खिशात घातली आणि विचारलं, "काकू, साखर थोडी जास्त मिळेल का?"