लॉरीवर चढताना मोडलेली मांडी

"फीमर मोडलंय," डॉक्टर म्हणाले. मी नुसतीच बघत राहिले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या मांडीवर हात ठेवून दाखवलं. फीमर म्हणजे मांडीचं हाड. "पाय वाचेल, पण आखूड राहील." अकोल्याच्या दवाखान्यात माझे यजमान डोळे मिटून पडले होते.

हे कापसाच्या गाठी स्टेशनावर नेणाऱ्या लॉरीचे ड्रायव्हर. वर चढायचं लोखंडी पायदान एका बाजूनं निखळलं होतं. यांनी लॉरीच्या मालकाला, शेठला, कितीदा सांगितलं. लढाईचे दिवस, विलायतेहून सुटे भाग येत नाहीत, असं म्हणून त्यानं ते तारेनं बांधून दिलं. त्या सकाळी पाय दिला तशी तार तुटली आणि हे खालच्या फरशीवर आदळले.

मग ट्रॅक्शन लावलं. म्हणजे पायाला दोरी बांधून खाटेच्या टोकाशी वजन लोंबतं सोडायचं, हाड सरळ जुळावं म्हणून. त्यात कूस बदलता येत नाही, पाठीला जखमा होतात. तुमच्या घरी ही वेळ आली तर पाठ रोज पुसून कोरडी करा, चादरीला सुरकुती राहू देऊ नका. नर्सबाईंनीच मला हे शिकवलं.

शेठ एकदाच आला. "त्याचं ध्यानच नव्हतं बाई. पायदानाले काय झालं होतं?"

यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तेव्हापासून पाठ पुसताना माझ्या मनात एकच असायचं: हा माणूस पडला पाहिजे, त्याचीही मांडीच मोडली पाहिजे. देवापुढे हात जोडले की मी तेच मागायचे.

हे कुबड्या घेऊन घरी आले आणि मी लॉरीच्या अड्ड्यावर गेले. तेच पायदान, फक्त तार नवी. नवा ड्रायव्हर चढायला निघाला होता. मी आडवी उभी राहिले.

"हट बाई! काहून तमाशा करून राहिली?" शेठ ओरडला.

"पायदानाले काही झालं नाही ना? मंग तुमी चढा. पुरा भार देऊन."

हमाल हातातलं काम टाकून बघू लागले. शेठनं धोतर सावरलं, पाय टेकवला. तार करकरली. त्यानं पाय मागे घेतला.

"मंग मीबी नाही चढत," नवा ड्रायव्हर म्हणाला.

गाठी तिथंच पडून राहिल्या. संध्याकाळच्या आत गावातल्याच लोहारानं पायदान पक्कं बसवलं.

डॉक्टरांचे, नर्सबाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. हे आता लंगडत का होईना, चालतात. "सोड ना आता," म्हणतात. मी सोडत नाही. बाजारात शेठ दिसला की मी यांना मुद्दाम त्याच्या समोरून चालवत नेते.