हळदीच्या कॅसेटमधला काळा-पांढरा तुकडा

मी तोंडानं सांगते नि माझी नात सायली मोबाईलवर टाइप करते. मला सही करता येते, तेवढंच.

आधीच बोलून ठेवते — भूत-बित असलं मी कधी मानलं नाय. तरणेपणी खाडीकाठच्या मिठागरात कामाला होती. उजाडायच्या आधी एकटी बांधावरून चालत जायची. तिथं काय भेटायचं असतं तर पहिली मलाच भेटलं असतं. मला भेटला तो मुकादम, बाकी कुणी नाय.

आमचं गाव आयरे, डोंबिवली पूर्वेला. आता सगळ्या बिल्डिंगी झाल्या, तेव्हा भाताची शेतं होती. मालक माझे लवकर गेले. मागं दोन पोरं, वसंता नि लता. मिठाच्या पाट्या वाहिल्या. ते मिठागर बंद झालं तशी स्टेशनाबाहेर सुकट विकायला बसली. नि लग्नसराईत धवले. आमच्या आगरी लोकांत भटाच्या आधी धवलारीण लागते. हळदीपासून सगळं तिच्या गाण्यावर चालतं. त्या गाण्याला धवला म्हणतात. मी धवलारीण.

वसंता दहावी झाला नि स्टेशनजवळच्या व्हिडिओ लायब्ररीत लागला. कॅसेटी गुंडाळून ठेवायच्या, व्हीसीआरचं हेड पुसायचं, लोकांच्या घरी मशीन जोडून द्यायचं. हे ऐंशीच्या पुढच्या सालांतलं. तिथं त्याला एका इंग्लिश सिरीयलचं वेड लागलं. नाव काय माझ्या जिभेवर बसलं नाय. काळी-पांढरी होती. दर भागाला गोष्ट नवीन, माणसं नवीन. कधी रॉकेटमधली, कधी दुसऱ्या ग्रहावरची, कधी मागच्या काळात जाऊन तिथंच अडकलेली. दुकानात ती मिळायची नाय. कुणी गल्फवरून आला की त्याच्याकडं, उल्हासनगरच्या बाजारात, कुठं कुठं जाऊन तो एक-एक कॅसेट जमवायचा. कल्याणच्या रेल्वे कॉलनीत एक गोरा-गोमटा साहेब होता, त्याची बहीण ऑस्ट्रेलियाला. ती कॅसेटी पाठवायची, नि वसंता त्याच्याकडं बसून बघून यायचा. कधी कॉपी मारून आणायचा.

पावसाळ्यात कॅसेटला पांढरी बुरशी धरते. आमच्या घरात कोरडी जागा एकच, तांदळाचा पिंप. तर यानं कॅसेटी पिशवीत बांधून तांदळात पुरल्या. मी तांदूळ काढायला हात घातला की हाताला कॅसेट.

"आये, जेवायला भात नसला तं नसूदे. पिंप रिकामा करू नको," म्हणायचा.

लायब्ररीनं टाकून दिलेला व्हीसीआर त्यानं नीट करून घरी आणलेला. संध्याकाळी सुकटीची पाटी उतरवली, पाय धुतले, की मी त्याच्या बाजूला बसायची. पडद्यावर इंग्लिश आणि कानात वसंता. हा काय बोलला, ती का रडते, सगळं आमच्या बोलीत. लता कंटाळून झोपायची. मी नाय कंटाळली. दिवसभर माझ्याशी लोक बोलायचे ते भाव पाडायला. गोष्ट सांगणारा हा एकच.

एक दिवस कल्याणवरून आला तो नुसता भरून आलेला. साहेबाकडं नवीन कॅसेट बघितली म्हणाला. एका लांबच्या ग्रहावर माणसांची वस्ती असते. पाणी संपतं, सगळे जहाजात बसून निघून जातात. एक म्हातारी बाई तेवढी राहते. तिचं माणूस आधीच्या जहाजानं गेलेलं असतं, ते परत येईल म्हणून. रोज वाळूत दिवा लावून बसते. वर्षं जातात. नि एक दिवस जहाज खाली येतं. दार उघडतं...

मी बोलली, मग? कोण आलं?

"मग लाईट गेली, आये."

मला हसू आलं, त्याला रडू यायचं बाकी होतं. दुसऱ्या आठवड्यात परत गेला तर साहेबाच्या घराला कुलूप. सगळं आवरून माणसं बहिणीकडं निघून गेलेली, कॅसेटी घेऊन. त्यानंतर वसंतानं त्या एका गोष्टीसाठी सगळा उल्हासनगर पालथा घातला. टिटवाळ्यापर्यंत गेला कुणाच्या तरी सांगण्यावरून. नाय मिळाली.

मग त्याला कावीळ झाली. आधी झाडपाल्याचं औषध केलं, मग कल्याणला दवाखान्यात नेला. डोळे नुसते हळकुंडासारखे. बोलत राहावा म्हणून मी त्याला विचारायची, अरे ती बाई, दारातून कोण आलं असेल?

"कॅसेट मिळाली का सांगतू," बोलला. "तुलाच पयली सांगतू."

त्याच दवाखान्यात गेला. तेवीस-चोवीसचा होता.

मी पुन्हा सुकट विकायला बसली. न बसून काय करते? लायब्ररीवाला चांगला होता, पैसे देऊन कॅसेटी मागायला आला. मी दिल्या नाय. पाऊस सरला की त्या काढून उन्हात पुसायची, परत तांदळात. कधी लावून बघायची. चित्र तेच, माणसं तीच, पण काय चाललंय ते कळेना. कानाशी कुणी नव्हतं. जगात किती गोष्टी असतील, मला त्या एका गोष्टीचा शेवट पाहिजे होता. डोंबिवलीत कुणाच्या घरी इंग्लिश पिक्चर लागलेला दिसला तर मी पाटी घेऊन दारात उभी राहायची. म्हातारी बाई दिसते का वाळूत, म्हणून.

लताचं लग्न नव्वदच्या पुढं ठरलं. हळदीला ठरवलेली धवलारीण दुसऱ्या मांडवात अडकली, म्हणून पोरीचा धवला मीच धरला. आमच्या घराण्यात रीत अशी — हळदीच्या धवल्यात घरातल्या मेलेल्यांना नावानं बोलावायचं. या, पोरीला हळद लावा. पण जो बिनलग्नाचा गेला त्याचं नाव घ्यायचं नाय. त्याला स्वतःला हळद लागलेली नसते, तो मलाच लावा म्हणून हटून बसतो म्हणतात.

सासऱ्याचं नाव घेतलं. सासूचं घेतलं. मालकांचं घेतलं. नि त्याच चालीवर पुढं वसंताचं गेलं. मी घ्यायचं ठरवलं नव्हतं. जीभ थांबली नाय.

बायकांचे हळदीचे हात थांबले. माझी मोठी जाऊ सोनाबाय शेजारीच होती. तिनं माझ्याकडं बघितलं, रागावली नाय.

"बोलावलास ना? मंग पोराला बसाला पाट दे," बोलली.

कुणीतरी पाट आणला. सोनाबायनं त्याला हळदीचं बोट लावलं. मी धवला पुढं चालू केला.

याचं सगळं शूटिंग होत होतं. कॅसेट जावयानंच आणलेली, कोरी. वरचा कागद त्यानं मांडवात माझ्यासमोर फाडला नि शूटिंगवाल्याच्या हातात दिली.

लग्नानंतर लता माहेराला आली तेव्हा आम्ही ती लावली. दुपारची वेळ. मी, लता, जावई, सोनाबाय. पडद्यावर सगळं पिवळं — मांडव, तोंडं, हात. माझा आवाज चाललेला. सासरे, सासू, मालक... वसंताचं नाव आलं, आणि चित्र काळं-पांढरं झालं.

वाळू. वाळूत एक दिवा. दिव्यापाशी म्हातारी बाई, आमच्याकडं पाठ करून. समोर पत्र्याचं जहाज, दार उघडं. आवाज मात्र माझ्याच धवल्याचा, तो तसाच चालू. दारातून कुणीच उतरलं नाय. आतून एक हात पुढं आला नुसता, धर म्हणतात तसा. बाईनं आपले हात झग्याला पुसले, आपण काम टाकून उठतो ना, तसे. चालत गेली. पायरीवर पाय ठेवला, मागं वळून दिव्याकडं बघितलं.

मग पुन्हा पिवळं. हळद लावलेला रिकामा पाट.

लता बोलली, शूटिंगवाल्यानं जुनी कॅसेट वापरलीन. जावई बोलला, कागद मीच फाडलाय. सोनाबाय माझा हात धरून बसली. ती गोष्ट मी त्यांच्यातल्या कुणालाच कधी सांगितली नव्हती.

शूटिंगवाल्याकडं गेलो. त्यानं त्याच्या मशीनवर लावली. त्याच्याही मशीनवर तेच. बिचारा घाबरला, तेवढं कापून देतो म्हणाला. मी कॅसेट उचलून घरी आली.

आता व्हीसीआर कुठं राहिलेत? सायलीनं ठाण्याला टेंभी नाक्याजवळ एकाकडून ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. तुकडा अजून हाय. तिनं त्या सिरीयलचे सगळे भाग शोधून काढले, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत बघितले. त्यात ही गोष्ट नाय. त्या जातीच्या दुसऱ्या सिरीयलीही बघितल्या. कुठंच नाय.

वर आणखी एक बोलली. वसंतानं मला सांगितलेल्या गोष्टी मी तिला लहानपणापासून सांगत आलेय. तर म्हणे, आजी, खऱ्या भागांत तसं काहीच नाय गं. मामा मनाचंच सांगत होता. इंग्लिश त्यालाही येत नसणार. मी हसली. मला तेव्हाच वाटायचं, त्या ग्रहावरची माणसं पण जावई आला की कोंबडी कशी कापतात?

म्हणजे ती वाळूतली बाईपण त्यानं मनातूनच काढली असेल. लाईट गेली बोलला ते शेवट सुचला नाय म्हणून. असेल. पण मग टिटवाळ्यापर्यंत हिंडला तो काय शोधायला? नि मनातल्या गोष्टीचं चित्र कॅसेटवर कुणी उतरवलं? सायली इंजिनियर हाय, ती अजून तो तुकडा पुढं-मागं करून बघते. तुम्हा वाचणाऱ्यांत कुणाला माहीत असेल तर सांगा.

शेवट मला कळला. आलं कुणी नाय, तिलाच घेऊन गेले. पण तो मी वसंताशिवाय बघितला. पडद्यावर माझाच आवाज, त्याचा एक शब्द नाय. तुलाच पयली सांगतू म्हणाला होता... ते सांगणं तेवढं राहिलं.